शिवेवरची वस्ती

गावाचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. ग्रामदैवताची कथा, पाटलाच्या घराण्याची सनद, एखादी पडकी वेस, एवढे सांगितले की गावाचा इतिहास संपतो. 'गाव तेथे महारवाडा' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. पण महारवाड्यालाही इतिहास असतो, हे कोणाच्या मनात येत नाही. जुन्या नगर जिल्ह्यातल्या आमच्या चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीचा इतिहास लिहायला मी बसलो, तेव्हा लेखी पुरावा म्हणून एकच गोष्ट हाती आली. ती म्हणजे जमिनीचा जुना उतारा.

उताऱ्यावर आमच्या तुकड्याचे नाव 'हाडोळा' असे आहे. मेलेली ढोरे ओढावीत, हाडे उचलावीत, त्याबद्दल दिलेली ही जमीन. आमच्या श्रमाची नोंद झाली ती माणसांच्या नावाने नव्हे, हाडांच्या नावाने.

माझे आजोबा येसकरकीच्या पाळीला घुंगराची काठी घेऊन गावात जात. चावडी राखणे, सरकारी टपाल पोचवणे, मयताची वर्दी परगावी नेणे, आलेल्या अंमलदाराचा घोडा सांभाळणे, ही सारी कामे त्यांचीच. मोबदल्यात बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. पण यापेक्षा मोठे एक काम होते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला, की खरी शीव कोणती ते महाराने सांगायचे आणि त्याचा शब्द प्रमाण मानायचा. ज्याने गावाची शीव सांगितली, त्यालाच गावाने शिवू दिले नाही. आमची वस्ती गावाबाहेर होती. गावाची स्मृती मात्र त्या वस्तीत होती.

या चाकरीला १८७४ च्या वतन कायद्याने सरकारी शिक्का मिळाला. जमिनीवर जुडी भरायची आणि रात्रंदिवस राबायचेही, असा तो दुहेरी फास होता. वतन म्हणजे मान, असे आमच्या जुन्या माणसांना वाटे. तो मान नसून दावे आहे, हे बाबासाहेबांनी सांगितले. १९२७ च्या महाडच्या परिषदेत त्यांनी मृत मांस सोडण्याचा आणि वतनाचा मोह टाकण्याचा उपदेश केला. १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मुंबई कौन्सिलात मांडले. ते १९२९ मध्ये मागे घ्यावे लागले. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदारांची परिषद भरली, ती आमच्याच जिल्ह्यात. आजोबा तिथे पायी गेले होते. परत आल्यावर त्यांनी घुंगराची काठी खुंटीला टांगली, ती पुन्हा उचलली नाही, असे आजी सांगे.

वतन कायद्याने गेले ते १ ऑगस्ट १९५९ पासून. जमीन रयतावा करून घ्यायची तर आकाराच्या तिप्पट रक्कम ठराविक मुदतीत भरायची होती. आमच्या तुकड्याचा आकार तीन रुपये. नऊ रुपयांचा प्रश्न होता. पण सात-बारावर नावे अकरा, आणि कोणी भरायचे यावर भाऊबंदांत एकमत होईना. शेवटी आजीने शेळी विकून पैसे भरले. शेजारच्या दोन घरांनी भरले नाहीत. नोटीस आली होती. ती वाचणारे घरात कोणी नव्हते. त्या दोन तुकड्यांवर आज ऊस उभा आहे, आणि तो आमचा नाही. दोष सारा गावावर टाकून आपण मोकळे होणार असू, तर हा इतिहास अर्धाच राहील. आपसातल्या भांडणांनीही जमिनी गेल्या आहेत.

वस्तीची नावे मात्र बदलत गेली. १९५६ च्या धर्मांतरानंतर महारवाड्याचा बौद्धवाडा झाला. डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. आमच्या तोंडी भीमनगर हे नाव त्याच्या आधीपासूनच होते. नावे बदलली याचा मला आनंदच आहे. नाव हीसुद्धा माणसाची मिळकत असते. पण मागच्या वर्षी मी उतारा मागायला गेलो, तेव्हा तिथले भाऊसाहेब सहज म्हणाले, "मास्तर, म्हणजे महारवाड्यातलाच ना?" पाटी बदलली, जीभ बदलली नाही.

म्हणून माझे तरुण मित्रांना आणि शिक्षकांना एकच सांगणे आहे. आपापल्या वस्तीचा जुना उतारा काढा. फेरफाराच्या नोंदी वाचा. कोणता तुकडा कधी गेला, का गेला, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. विद्यार्थ्यांनाही हे काम द्या. एके काळी आमच्या माणसांच्या शब्दावर गावाच्या शिवा ठरत. आज तो शब्द कागदावर उतरवण्याची पाळी आपली आहे. ही पाळी मात्र कोणाची चाकरी नव्हे.