परमार्हत कुमारपाल आणि अमारीची घोषणा

शाकाहार हा आपणा बहुतेकांना वारशाने लाभलेला आहे. त्यासाठी आपल्याला काही सोडावे लागले नाही. त्यामुळे ज्याने आयुष्याच्या उत्तरार्धात, जिभेला जडलेली सवय मोडून मांसाहाराचा त्याग केला, त्याच्या मनाची कल्पना आपल्याला सहजासहजी येत नाही. गुजरातचे चौलुक्य नरेश महाराज कुमारपाल यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

कुमारपाल विक्रम संवत ११९९ मध्ये, म्हणजे इ. स. ११४३ च्या सुमारास अणहिलपूर पाटणच्या गादीवर आले. त्यावेळी ते पन्नाशीला पोहोचले होते, असे परंपरा सांगते. कुळ क्षत्रियाचे, कुलदैवत शिव, आणि शिकार व मांसभोजन हे राजघराण्याच्या नित्याचारातले. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या सहवासात त्यांच्यात जो बदल झाला, तो एका रात्रीत झालेला दिसत नाही. राजस्थानातील किराडू येथे त्यांचे मांडलिक आल्हणदेव यांचा संवत १२०९ चा शिलालेख आहे. शिवरात्रीच्या दिवशी, प्राण्यांना अभय देणे हे श्रेष्ठ दान मानून, दोन्ही पक्षांतील अष्टमी, एकादशी व चतुर्दशी या तिथींना जीवहत्या करू नये, अशी आज्ञा त्यात आहे. म्हणजे महिन्याचे अवघे सहा दिवस! श्रावकव्रतांच्या स्वीकाराचे वर्ष संवत १२१६ सांगितले जाते. ते खरे धरले तर या सहा दिवसांपासून व्रतापर्यंत पोहोचायला सात वर्षे लागली.

व्रत घेतल्यानंतरची एक कथा मेरुतुंगाचार्यांनी ‘प्रबंधचिंतामणी’त दिली आहे. महाराज एकदा घेवर खात असता त्यांना पूर्वी भक्षण केलेल्या मांसाची आठवण झाली. ते अस्वस्थ झाले आणि घेवर खाणे योग्य की अयोग्य, असे त्यांनी गुरुदेवांना विचारले. आचार्यांनी उत्तर दिले की वणिक आणि ब्राह्मण यांना ते योग्य आहे, परंतु अभक्ष्याचा नियम घेतलेल्या क्षत्रियाला नाही, कारण त्याच्या मनात जुनी चव जागी होते. पुढे बत्तीस दातांचे प्रायश्चित्त म्हणून महाराजांनी बत्तीस जिनालये उभारली, असे मेरुतुंगाचार्य म्हणतात. लहानपणी पाठशाळेत ही कथा ऐकताना आम्हा मुलांना घेवराचेच हसू येई. आज वाटते, मांसाहार सोडणाऱ्याच्या मनाचे इतके खरे वर्णन फार थोड्या ठिकाणी सापडेल. ताटातले मांस गेले तरी त्याची आठवण लगेच जात नाही. ज्यांच्या जिभेवर ती चव कधी आलीच नाही, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभाच राहत नाही, हे आचार्यांनी किती स्वच्छपणे ओळखले होते!

याच राजाच्या विनंतीवरून हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्र’ रचले. त्याच्या तिसऱ्या प्रकाशात मांस विकणारा, रांधणारा, खाणारा आणि विकत घेणारा या सर्वांना हिंसकच मानले आहे. मद्य-मांसाबरोबर मध आणि लोणी हेही तेथे वर्ज्य आहे. अलीकडे आपल्यातील काही कुटुंबे दूधदुभते सोडू लागली आहेत व घरोघरी त्यावर वाद होतात. त्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे. मात्र लोणी वर्ज्य करण्यामागील शास्त्रातले कारण त्यात उत्पन्न होणारे सूक्ष्म जीव हे आहे. गायी-म्हशींना होणाऱ्या पीडेचा आजचा विचार वेगळा आहे. दोहोंची गल्लत करू नये.

अमारीच्या घोषणेचा प्रसंग आचार्यांनी ‘द्व्याश्रय’ काव्यात वर्णिला आहे. विक्रीसाठी खाटकाकडे ओढत नेली जाणारी दुबळी जनावरे राजाच्या दृष्टीस पडली आणि त्याचे मन द्रवले. राज्यात जीवहत्याबंदी झाली. त्याचबरोबर, या आज्ञेमुळे ज्यांची उपजीविका बुडाली त्यांना तीन वर्षे पुरेल इतके धान्य देण्यात आले. आपल्या व्याख्यानांतून अमारीचा डिंडिम नेहमी ऐकू येतो. या धान्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते कुमारपालांच्या करुणेची खरी कसोटी येथे लागते. जनावराची दया येणे एक वेळ सोपे असते. ते मारून पोट भरणाऱ्या माणसाचीही चिंता वाहणे अवघड असते.

या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऊ चिरडली म्हणून एका धनिकाची सारी मालमत्ता जप्त झाली व त्या द्रव्यातून ‘यूकाविहार’ बांधला गेला, ही कथाही ‘प्रबंधचिंतामणी’तच आहे. ती आपण कौतुकाने सांगतो. पण भयाने पाळलेली अहिंसा कितपत टिकते, हा विचार मनात येतोच. शिवाय व्रतस्वीकाराच्या याच सुमारास महाराजांच्या सैन्याने उत्तर कोकणचा शिलाहार राजा मल्लिकार्जुन याच्यावर स्वारी केली आणि त्यात तो मारला गेला. राजधर्म व व्रत यांतील हा ताण चरित्रकारांनी लपवलेला नाही, हे विशेष.

संवत १२२९ मध्ये हेमचंद्राचार्य कालवश झाले आणि थोड्याच काळात कुमारपालही गेले. पुढे गादीवर आलेल्या अजयपालाने जिनमंदिरांचा विध्वंस केल्याचे जैन ग्रंथ सांगतात. असे असूनही त्याच अजयपालाच्या सेवेतील यशःपाल कवीने ‘मोहपराजय’ हे नाटक लिहिले. थारापद्र येथील कुमारविहारात, महावीरस्वामींच्या उत्सवप्रसंगी त्याचा प्रयोग झाला. नाटकात कुमारपालांचा विवाह कृपासुंदरीशी, म्हणजे मूर्तिमंत दयेशी, होतो. त्यासाठी द्यूत, मांसभक्षण, मद्यपान आदी व्यसनांना राज्याबाहेर घालवायचे असते. ती व्यसने रंगभूमीवर येऊन गयावया करतात. आम्हाला तुमच्या पूर्वजांनी थारा दिला होता, आमच्यामुळे राजाच्या खजिन्यात महसूल पडतो, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांची रदबदली ऐकून घेतली जाते, आणि तरीही त्यांना हद्दपार केले जाते.