वैद्य आणि त्याचा हेतु

वैद्य जन्मभर इतरांचीं शरीरें तपासतो. स्वतःच्या अंतःकरणाची तपासणी त्याच्या हातून कितीशी घडते? आपण कशासाठीं हें करतों, हा प्रश्न वैद्यकाच्या क्रमिक पुस्तकांत सहसा नसतो. पूर्वीं तो होता. चरकसंहितेंत द्रव्यासाठीं किंवा कामनेसाठीं नव्हे, तर भूतदयेनें चिकित्सा करणारा वैद्य श्रेष्ठ मानला आहे. सातारा व सांगली या भागांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें दोन डॉक्टरांनीं प्रत्यक्ष जगून दाखविलीं, आणि गंमत अशी कीं तीं वरकरणी एकमेकांस अगदीं विरुद्ध आहेत.

विल्यम जेम्स वानलेस हे १८६५ सालीं कॅनडांत जन्मले. न्यूयॉर्क येथें वैद्यक शिकून, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, १८८९ मध्यें ते प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीस आले. प्रथम तेथें एक लहानसा दवाखाना त्यांनीं काढला. पुढें त्यांनीं मिरज पसंत केली. ही निवड मोठी चतुर म्हटली पाहिजे, कारण मिरज हें रेल्वेचें जंक्शन, आणि रोग्याला चालवत नसलें तरी गाडींत बसवून आणतां येतें. १८९४ सालीं रुग्णालय उघडलें. मोतीबिंदूनें आंधळे झालेले वृद्ध लांबलांबच्या गांवांहून येऊं लागले. १८९७ पासून परिचारिकांचें व वैद्यकीय साहाय्यकांचें शिक्षणहि सुरू झालें.

शस्त्र हातीं घेण्यापूर्वीं प्रार्थना करावयाची, असा वानलेस यांचा परिपाठ होता. येशूनें रोग्यांना बरें केलें, म्हणून त्याच्या अनुयायानें तेंच करावें, ही त्यांची श्रद्धा. मिशनचा हेतु धर्मप्रसाराचाहि होता, हें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु रोगी आले ते दृष्टीसाठीं, आणि बहुतेक सारे आपापला देव मनांत घेऊनच घरीं परतले. तेवढ्यानें कार्य थांबलें नाहीं. त्या मनुष्याची खरी कसोटी मला येथेंच दिसते. जवळजवळ चाळीस वर्षें सेवा करून १८२८ नव्हे, १९२८ सालीं ‘सर’ ही पदवी घेऊन ते निवृत्त झाले व १९३३ मध्यें वारले. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी त्यांच्याच नांवाची.

या रुग्णालयाच्या सहकार्यानें १९६२ सालीं मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेथूनच साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर एम. बी. बी. एस. झाले. जन्म १९४५ चा. कबड्डीचे नामांकित खेळाडू. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजांतहि ते शिकले होते. साताऱ्यास सुमारें बारा वर्षें व्यवसाय केल्यावर त्यांनीं तो सोडला. चालता दवाखाना बंद करणें म्हणजे काय, हें मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

त्यांना प्रार्थनेचें प्रयोजन वाटत नव्हतें. अंगांत येणें, भानामति, मंत्रानें उतरविलेलें सापाचें विष, यांच्या नादानें वेळेवर उपचार न होतां माणसें दगावतात. तेव्हां औषधाइतकीच विचाराची गरज आहे, असें त्यांनीं मानलें. १९८९ सालीं त्यांनीं अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापन केली. आपला विरोध देवाला नसून देवाच्या नांवावर चालणाऱ्या शोषणाला आहे, असें ते वारंवार सांगत. साताऱ्यांत व्यसनमुक्तीसाठीं ‘परिवर्तन’ ही संस्थाहि त्यांनींच उभी केली. म्हणजे दवाखाना सुटला, रोगी सुटला नाहीं.

आतां यांतला आध्यात्मिक कोण? शब्दांवरून निवाडा करणारे लगेच उत्तर देतील. मला तो निवाडा इतका सोपा वाटत नाहीं. एकानें ईश्वराचें नांव घेऊन कार्य केलें, दुसऱ्यानें तें न घेतां. आपल्या विद्येचा धनी आपण नव्हे, ही जाणीव मात्र दोघांपाशीं सारखीच होती.

दाभोलकरांना तिची किंमत प्राणांनीं द्यावी लागली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं पुण्यांत फिरावयास गेले असतां त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. ज्या कायद्यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली होती, त्याचा अध्यादेश त्यानंतर आठवडा उलटण्यापूर्वींच निघाला.