तहानलेली मोटार आणि वाळूचा समुद्र

रस्ता नसलेल्या मुलखात मोटार घेऊन हिंडण्याची हौस असणारे लोक आपल्या गाडीत नाना बदल करून घेतात. रुंद टायर, उंच उचललेला सांगाडा, टपावर पाण्याच्या आणि पेट्रोलच्या जादा टाक्या. गाडी सुधारायची म्हणजे तिच्यात काहीतरी नवे बसवायचे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. पण या उद्योगाचा इतिहास चाळला, तर सुरुवातीच्या मंडळींनी आधी गाडीतले पुष्कळसे काढून टाकलेले दिसते. नंतर जे थोडे बसवले, त्यामागे शाळेत शिकवले जाणारे साधे भौतिकशास्त्र होते. राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज अभियंत्याची हकिकत त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

इजिप्त आणि लिबिया यांच्या सीमेवर सुमारे ७२ हजार चौरस किलोमीटरचा एक वाळूचा समुद्र आहे. त्यात वाळूच्या टेकड्यांच्या लांबच लांब रांगा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत. म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्याला एकामागून एक रांग ओलांडणे भाग पडते. १८७४ साली गेरहार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंट घेऊन पश्चिमेकडे निघाला; पण या रांगांनी त्याची वाट अडवली आणि अखेर त्यांना समांतर उत्तरेकडे जाऊन त्याला सिवा येथील मरूद्यान गाठावे लागले. या मुलखात पाणी संपणे म्हणजे काय, याचे दारुण उदाहरण पुढे १९३१ साली घडले. इटालियन सैन्याने कुफ्रा घेतल्यावर तेथून पळालेल्या निर्वासितांपैकी अनेक जण वाळवंटात तहानेने मरण पावले.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या छोट्या तुकड्या फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' गाड्या घेऊन या वाळवंटाच्या कडेने गस्त घालीत असत. १८९६ साली जन्मलेला बॅगनॉल्ड युद्धानंतर केंब्रिजला अभियांत्रिकी शिकला आणि १९२० च्या दशकात सैनिकी नोकरीनिमित्त इजिप्तमध्ये आला. सुट्टी मिळाली की तो आणि त्याचे मित्र स्वखर्चाने वाळवंटात जात. आधी 'मॉडेल टी' आणि १९२९ पासून नवी 'मॉडेल ए' या त्यांच्या गाड्या. या गाड्यांत फक्त मागच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळे आणि 'मॉडेल ए'चे इंजिनही अवघे ४० अश्वशक्तीचे होते.

एक दुष्टचक्र

मऊ वाळूत चाके रुतली की इंजिनाला जोर लावावा लागतो. गाडी हळू चालते, समोरून वारा मिळत नाही, इंजिन तापते आणि रेडिएटरमधले पाणी उकळते. वाफ आणि पाणी वरच्या नळीवाटे बाहेर सांडून जाते. मग जास्त पाणी बरोबर घ्यावे, तर गाडीचे वजन वाढते. वजन वाढले की चाके अधिक रुततात आणि पाणी अधिक उकळते. हे चक्र कुठेतरी तोडल्याशिवाय लांबचा प्रवास शक्य नव्हता.

पहिला उपाय वजन कमी करण्याचा. गाडीचा बराचसा सांगाडा उतरवून त्या जागी हलकी लाकडी पेटी बसवण्यात आली. दुसरा उपाय अधिक मजेदार होता. बाहेर सांडणाऱ्या नळीला जोड देऊन तिचे टोक गाडीच्या बाजूला बांधलेल्या पत्र्याच्या डब्यात, अर्ध्यापर्यंत भरलेल्या पाण्याखाली बुडवले. रेडिएटरचे झाकण पक्के बंद केले. आता उकळून आलेली वाफ डब्यातल्या थंड पाण्यात शिरून तिचे पाणी होऊ लागले. गाडी थांबून थंड झाली की रेडिएटरमधील वाफही पाणी होई, आतला दाब घटे आणि बाहेरच्या हवेचा दाब डब्यातले पाणी गुडगुड आवाज करीत परत रेडिएटरमध्ये ढकली. सगळे सांधे घट्ट असतील तर पाणी जवळजवळ वाया जात नसे.

शिक्षकांना ही घटना ओळखीची वाटेल. वायू तयार करून तो पाण्यावर गोळा करताना, दिवा विझवण्याआधी नळी पाण्याबाहेर काढा, असे आपण विद्यार्थ्यांना बजावतो. नाहीतर पाणी उलटे शिरून तापलेली परीक्षानळी तडकते. प्रयोगशाळेतला हा अपघात बॅगनॉल्डच्या गाडीत जीव वाचवणारी युक्ती ठरला.

या डब्याची मर्यादाही हिशोबाने काढता येते. समजा, डब्यात ३० अंश सेल्सिअसचे ५ लिटर पाणी आहे. ते १०० अंशांपर्यंत तापायला ३५० किलोकॅलरी उष्णता लागेल. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणजे साधारण ६५० ग्रॅम वाफ शोषली की डबाच उकळू लागणार. म्हणून डब्यातून वाफ दिसताच चालक गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून थांबत. मिनिटभरात पाणी जागच्या जागी परत येई.

चाक, पत्रा आणि सावली

टायरमधली हवा कमी करण्याचा उपायही दाबाच्या व्याख्येतूनच येतो. सामानासह गाडी १६०० किलोची धरली, तर एका चाकावर ४०० किलो भार येतो. टायरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे २०० चौरस सेंटिमीटर असावा लागेल. दाब निम्मा केला की हे क्षेत्रफळ दुप्पट होते आणि वाळूवरचा दाब निम्म्यावर येतो. अर्थात याची किंमत मोजावी लागते. खडकाळ जमिनीवर असा सैल टायर तापतो आणि फाटतो. तेव्हा जमीन बदलली की पुन्हा पंप मारत बसावे लागे.

तरीही गाडी रुतलीच तर? खंदकांच्या छपरांसाठी बनवलेल्या पोलादी पट्ट्या बॅगनॉल्डला कैरोच्या भंगार बाजारात सापडल्या. त्या चाकांपुढे सरकवल्या की तेवढ्या अंतरापुरता रस्ता तयार होई आणि गाडी वेग घेई.

दिशा ओळखणे हा आणखी एक प्रश्न. लोखंडी गाडीत चुंबकसूचीचा भरवसा नसतो. दर वेळी थांबून गाडीपासून दूर चालत जावे लागते. त्यावर उपाय म्हणजे सूर्यहोकायंत्र. आडव्या तबकडीच्या मध्यभागी उभी सुई आणि तबकडीवर ३६० अंशांच्या खुणा. वेळेनुसार सूर्याची दिशा कोष्टकातून पाहून तबकडी फिरवायची आणि सुईची सावली ठरलेल्या अंशावर राहील अशी गाडी हाकायची. ही कल्पना अगदी नवी नव्हती. महायुद्धातल्या गस्ती तुकड्यांनीही अशी साधने वापरली होती. उन्हाळ्यात भर दुपारी मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावर येई, सावली फार आखूड होई आणि यंत्र निरुपयोगी ठरे. रात्री थिओडोलाइटने तारे पाहून आपली जागा निश्चित केली जाई.

वाळू कुठे घट्ट, कुठे मऊ?

एवढे करूनही वाळूच्या उंच टेकड्या उरल्याच होत्या. बॅगनॉल्डने भर वेगाने गाडी सरळ टेकडीच्या चढावर घातली आणि ती न रुतता वर गेली. वाऱ्याकडची बाजू घट्ट होती. वाऱ्याबरोबर उड्या मारत येणारे कण तेथे आदळून दाटीवाटीने बसलेले असतात. माथ्यापलीकडची बाजू मात्र सुमारे ३३ अंशांच्या उताराची असते आणि तिथे घसरून आलेले कण सैल पडलेले असतात. त्या बाजूला चाक गेले की रुतलेच. वाळू तीच, कणांची मांडणी वेगळी.

ही मांडणी कशी होते, हा प्रश्न बॅगनॉल्डला स्वस्थ बसू देईना. १९३२ साली त्याने आणखी मोठी मोहीम काढली. १९३५ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्याने लहानसा वातबोगदा उभारून वाळूचे कण वाऱ्यात कसे उडतात ते मोजले. विशिष्ट मर्यादेपलीकडे वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाहून जाणारी वाळू दुपटीने नव्हे, सुमारे आठपटीने वाढते, असे आढळले. १९३८ मध्ये वाळवंटात परत जाऊन त्याने हे निष्कर्ष पडताळून पाहिले आणि १९४१ मध्ये ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

दरम्यान दुसरे महायुद्ध पेटले होते. १९४० साली बॅगनॉल्डने इजिप्तमध्ये शत्रूच्या पिछाडीस दूरवर जाणारे एक खास दल उभारले. तोच पाण्याचा डबा, त्याच पोलादी पट्ट्या आणि तेच सूर्यहोकायंत्र आता शेव्हरोले ट्रकांवर चढले. सुट्टीत हौसेने मिळवलेले ज्ञान युद्धाच्या कामी आले, हेही या इतिहासात नमूद करायला हवे.

युद्ध संपले, पण वाळूचे शास्त्र मागे राहिले. परग्रहांवरील वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनाही बॅगनॉल्डच्या कामाचा उपयोग झाला. १९९० साली तो वारला. २०१५ च्या अखेरीस 'क्युरिऑसिटी' ही गाडी मंगळावरच्या ज्या वालुकाराशींपाशी पोहोचली, त्यांना बॅगनॉल्डचेच नाव देण्यात आले आहे.

आजच्या बहुतेक मोटारींत रेडिएटरशेजारी एक प्लास्टिकची बाटली असते. अनेक गाड्यांत तिचे काम बॅगनॉल्डच्या डब्यासारखेच असते. इंजिन पूर्ण थंड असताना एखाद्या मेकॅनिकच्या मदतीने विद्यार्थ्यांना ती दाखवावी (तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये) आणि एकच प्रश्न विचारावा: आतल्या नळीचे टोक पाण्याच्या वर राहिले तर काय होईल?