वेळ घालविण्याच्या गोष्टी

नागपुराहून रामटेकास जावयास निघालें म्हणजे वाटेंत कन्हान नदीच्या कांठीं कामठी लागते. इंग्रजांनीं १८२१ सालीं येथें लष्कराची छावणी वसविली. तिचा आकार इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा होता, म्हणून ती ‘कँप टी’, आणि तिचीच पुढें कामठी झाली, असें लोक सांगतात. आम्हांस ही व्युत्पत्ति मागाहून जुळविलेली वाटते. परंतु ती ऐकतांना मौज वाटते, हें कबूल केलें पाहिजे. ‘कां?’ म्हणून विचारणाऱ्याचें तोंड बंद करावयाचें आणि वाटहि सरावयाची, अशा दुहेरी गरजेंतूनच गोष्ट जन्मास येते. लहान मुलें असलेल्या घरांत ही गरज रोज सायंकाळीं उत्पन्न होते. अशा वेळीं रचल्या जाणाऱ्या गोष्टींस आम्ही वाङ्मय म्हणत नाहीं. तथापि आपल्या भाषेंतील अतिशय जुन्या गोष्टींपैकीं एक याच जातीची आहे.

रामटेकच्याच यात्रेचें निमित्त करून तेराव्या शतकांत चक्रधर गुजराथेंतून निघाले, आणि वऱ्हाडांत ऋद्धिपुरास त्यांची गोविंदप्रभूंशीं गांठ पडली. पुढें म्हाइंभटांनीं त्यांच्या आठवणी ‘लीळाचरित्रां’त संग्रहित केल्या. त्या गंभीर ग्रंथांत काऊळा आणि साळई यांची गोष्ट आलेली आहे. एकाचें घर शेणाचें, दुसरीचें मेणाचें! साळईची आज चिमणी झाली आहे, एवढाच काय तो फरक. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपींत असल्यामुळें इतरांस ते शतकानुशतकें बंदच होते. राजवाडे, भावे प्रभृतींनीं विसाव्या शतकांत ती कोंडी फोडली, आणि ह. ना. नेने यांनीं १९३० नंतरच्या दशकांत नागपुरांतून ‘लीळाचरित्र’ छापून प्रसिद्ध केलें. म्हणजे ग्रंथ कुलुपांत होता, तरी कावळा मात्र घरोघर पावसांत भिजत दाराशीं उभा होता! ज्या आज्यांनीं त्याला तेथें उभें ठेवलें, त्यांतील बहुतेकींस अक्षरओळखहि नव्हती.

ही गोष्ट टिकली कशी, याचा विचार करतां आमची नजर चिमणीच्या सबबींवर जाते. दार उघडण्यापूर्वीं तिला बाळाला न्हाऊं घालावयाचें असतें, अंग पुसावयाचें असतें, काजळ, तीट, झोका, सगळें व्हावयाचें असतें. या सबबींना संख्येचें बंधन नाहीं. चुलीवरचा भात शिजावयास उशीर असेल तर आजी आणखी चार सबबी घालते. मूल पेंगूं लागलें तर दोहोंतच दार उघडतें. शिवाय आजीची सबब संपली कीं मूल आपल्या पदरची पुरवितें. गोष्टीचा सांगाडा जुना, पण मांस त्या सायंकाळचें.

अशी गोष्ट तोंडांतून निघतांनाच टिपून घेण्याचा योग क्वचित् येतो. १८६५-६६ च्या हिंवाळ्यांत मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिणेंत दौऱ्यावर होते, तेव्हां तो आला. त्यांची कन्या मेरी बरोबर होती. तळावर दुसरी मडम नव्हती, आणि वाचावयास हलकें पुस्तकहि नव्हतें. कंटाळून तिनें आपली आया ॲना लिबेराता डिसूझा हिला गोष्ट सांगावयास सांगितलें. ॲनानें साफ नाहीं म्हटलें. नातवंडांना तरी सांगत असशील, असें मेरीनें म्हणतांच तिला आजीपासून ऐकलेली एक गोष्ट आठवली. मूळचें लिंगायत असलेलें तें घराणें गोव्याकडे ख्रिस्ती झालें होतें. देव बदलला, पण आजीच्या गोष्टींतले राजे, राण्या आणि राक्षस बदलले नाहींत. त्या पहिल्या गोष्टींत एका जादूगाराचा प्राण दूर अरण्यांत, ताडांच्या रिंगणांत, एकावर एक रचलेल्या सहा घागरींच्या खालीं, पिंजऱ्यांतील हिरव्या राघूंत ठेवलेला आहे. सहाच घागरी कां? मजल लांबली असती तर त्या सोळा झाल्या असत्या, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

मेरीनें त्या गोष्टी १८६८ सालीं ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नांवानें इंग्रजींत प्रसिद्ध केल्या. त्यांत ॲनाची कैफियतहि आहे. एखादा तुकडा विसरला म्हणून तिनें कोणास विचारावें, तर तो त्याच नांवाची गोष्ट पुस्तकांतून वाचून दाखवी. ती तिला सर्वस्वी चुकीची वाटे, आणि संतापून ती पुस्तक मिटावयास लावी. आमचें मत ॲनाकडे झुकतें. पण मेरीची लेखणी नसती तर ॲनाचा राग तरी आम्हांस कोठून कळता?

याच सुमारास नागपुराकडेहि मौखिक वाङ्मय टिपण्याचें काम चाललें होतें. १८४५ पासून येथें राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ सालीं नदींत बुडून वारले. त्यांच्या कागदांतून टेंपलसाहेबांनीं १८६६ सालीं गोंडांचें लिंगोचें गीत प्रसिद्ध केलें. तें काम थोर खरेंच. परंतु तो शोध धर्माचा व वंशाचा होता. मूल झोंपेपर्यंत गोंडिणीनें काय सांगितलें, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. कामठीच्या बंगल्यांतून आयांनीं रचलेल्या गोष्टीहि त्या मुलांबरोबर आगबोटींत चढून गेल्या असतील.

गेल्या वैशाखांत कामठी स्टेशनावर गाडीस अवकाश होता, म्हणून बरोबरच्या चार वर्षांच्या मुलीस आम्ही हीच कावळ्याची गोष्ट सांगूं लागलों. पाऊस येण्याच्या आधींच तिनें आम्हांस अडविलें. एवढ्या उन्हांत मेणाचें घर वितळणार नाहीं का? आम्ही निरुत्तर झालों. मग तिनेंच पुढें चालविलें: शेणाचें घर गार असतें, म्हणून आतां चिमणीच पिलांना घेऊन कावळ्याच्या दाराशीं आली. कावळा आंतून म्हणाला, थांब, मी पंखा पुसतों आहें. मग म्हणाला, थांब, माठ भरतों आहें. पांच-सहा सबबी झाल्या. कावळ्यानें शेवटीं दार उघडलें कीं नाहीं, हें ठरण्याच्या आधींच गाडी आली.