टायगर जिंदा है : कामगारांच्या वेषातील युद्धकथा

'टायगर जिंदा है' हा इराकमधील युद्धाच्या पार्श्वभूमीवरील हिंदी चित्रपट २२ डिसेंबर २०१७ रोजी प्रदर्शित झाला. यशराज फिल्म्सची निर्मिती असलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन अली अब्बास जफर यांनी केले. 'एक था टायगर' (२०१२) या चित्रपटाचा हा पुढील भाग होय. मूळचे इंदूर येथे जन्मलेले सलमान खान यांनी यात 'रॉ'चा हेर टायगर, तर कतरिना कैफ यांनी पाकिस्तानी हेर झोया साकारली आहे. गिरीश कर्नाड 'रॉ'प्रमुख शेणॉय यांच्या भूमिकेत आहेत.

कथानक : इक्रित या काल्पनिक शहरातील रुग्णालयात दहशतवाद्यांनी २५ भारतीय व १५ पाकिस्तानी परिचारिकांना ओलीस ठेवले आहे. तेथे शिरकाव करण्यासाठी टायगर आणि त्याचे सहकारी तेलशुद्धीकरण प्रकल्पात कामगार म्हणून दाखल होतात. कामगाराचा वेष हेच त्यांचे संरक्षण ठरते.

वास्तव : जून २०१४ मध्ये 'इस्लामिक स्टेट'ने मोसुल व तिक्रित ताब्यात घेतले. बैजी येथील देशातील सर्वांत मोठ्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीही लढाई जुंपली. तिक्रितमध्ये अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिका राजनैतिक प्रयत्नांमुळे ५ जुलै रोजी अरबिलमार्गे कोचीला सुखरूप परतल्या. याच घटनेवर आधारित 'टेक ऑफ' या मल्याळम चित्रपटासाठी पार्वती यांना २०१७ साली गोव्यातील इफ्फीमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा रौप्य मयूर मिळाला.

मोसुलमध्ये अपहरण झालेल्या ४० भारतीय बांधकाम कामगारांच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. निसटून आलेल्या एकाने इतरांना गोळ्या घातल्याचे सांगितले होते; परंतु ठोस पुराव्याअभावी सरकारने त्यांना मृत घोषित केले नव्हते. 'टायगर जिंदा है' चित्रपटगृहांत झळकला, तेव्हाही ३९ कुटुंबे वाटेकडे डोळे लावून बसली होती. पुढे तीनच महिन्यांनी, २० मार्च २०१८ रोजी, परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत त्या सर्वांच्या मृत्यूची घोषणा केली. बदूश येथे एकत्र पुरलेले त्यांचे अवशेष डीएनए चाचणीने ओळखले गेले होते.

आखातात रोजगारासाठी गेलेल्यांची घरे गोव्यातही गावोगावी आहेत. पडद्यावरच्या नायकाने कामगाराचा वेष काही काळापुरता धारण केला. त्या ३९ जणांना तो उतरवून ठेवण्याची सोय नव्हती.