लोणारचे विवर कशाने पडले?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बेसॉल्ट खडकात असून त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. ते कसे पडले, याचे पहिले उत्तर पुराणकथेने दिले: विष्णूने लवणासुराला मारले ती ही जागा. गावातले दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचे. व्यवहाराला मात्र उत्पत्तीशी देणेघेणे नव्हते. तळ्यातल्या खाराचा काच आणि साबणासाठी होणारा उपयोग ‘ऐन-ए-अकबरी’तही नोंदलेला आहे.

एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांनी ज्वालामुखीकडे बोट दाखवले. भोवती सगळा लाव्हाच, त्यामुळे तर्क स्वाभाविक होता. 1896 मध्ये अमेरिकेच्या गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराशी लोणारची तुलना केली, आणि दोन्ही वाफेच्या स्फोटाने झाल्याचे मानले. साम्य अचूक हेरले, निष्कर्ष तेवढा चुकला!

1973 मध्ये विवरातल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडल्याचे प्रसिद्ध झाले. फेल्डस्पार खनिजाची ही काच प्रचंड आघाताच्या दाबानेच बनते. ज्वालामुखीत तेवढा दाब निर्माण होत नाही. अशनीपाताचा निर्वाळा तिने दिला. विवराचे वय मात्र वादातच राहिले: एका पद्धतीने सुमारे 50 हजार वर्षे, तर आर्गॉन कालमापनाने सुमारे 5 लाख 70 हजार.