इशारादिवे, आपत्कालीन वाहनांवरील
रुग्णवाहिका, अग्निशमन बंब, पोलिसांच्या गाड्या यांच्या टपावर लुकलुकणारे दिवे. नुसत्या झगझगाटावरून त्यांचा दर्जा ठरवणे चूक होय. युरोपातील ‘आर ६५’ नियमावली रंग, चहूबाजूंची तीव्रता आणि मिनिटाला १२० ते २४० वेळा लुकलुकणे, असे निकष घालते. अमेरिकेत ३६० अंशांत दिसणाऱ्या दिव्यांसाठी ‘एसएई जे ८४५’ हे मानक आहे.

खरी पारख उष्णतेत होते. एलईडी तापली की तिचा उजेड घटतो. म्हणून दिवा तापून स्थिरावल्यावरच मोजणी घ्यावी. उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा तळ नसेल, तर दुकानात लखलखणारा दिवा नागपूरच्या मे महिन्यात लवकरच मंदावू लागतो. पॉलिकार्बोनेटचे हलके आवरण उन्हाने पिवळे पडते. कडेच्या सीलमधून ओल शिरली, की आतून बाष्प धरते. ‘आयपी ६७’ श्रेणीच्या दिव्यात १ मीटर पाण्याखाली ३० मिनिटे ठेवूनही घातक प्रमाणात पाणी शिरता कामा नये. रात्री तीव्रता उतरवण्याची सोय हवीच, नाहीतर समोरच्या चालकाचे डोळे दिपतात आणि रस्त्यावर उतरलेला कर्मचारी त्याला दिसत नाही. निकृष्ट सर्किटमुळे वायरलेस संचात खरखर येते. रुग्णवाहिकेत हा दोष अक्षम्य आहे.